‘हे काम आता तू बघ’ : लहान उद्योगाचा पहिला प्रकल्प हाती घेणाऱ्यांसाठी

शिक्षण संपवून घरच्या धंद्यात आलात किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत लागलात, की वर्षा-दोन वर्षांत हे वाक्य कानावर येतंच : “नवीन युनिट टाकायचंय, ते काम आता तू बघ.” सोबत एक कोटेशन, बँकेतल्या साहेबांचा नंबर आणि मिस्त्रीचा नंबर मिळतो. रोजचा धंदा तुम्हाला समजलेला असतो. काल झालं तेच आज थोडं बरं करायचं. प्रकल्पाचं तसं नसतं. तो एकदाच होतो, त्याला सुरुवात असते, शेवट असतो, आणि त्यात आलेली माणसं पूर्वी कधी एकत्र काम केलेली नसतात.

लातूर, धाराशिव, जालना आणि वाळूजच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं हीच कामं करतोय : डाळमिल, धान्य सफाई-प्रतवारी, लहान वर्कशॉपचा विस्तार. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. काम अडतं ते दोन कामांच्या सांध्यावर. गवंड्याला गवंडीकाम येतं, मशीनवाल्याला मशीन कळतं, वायरमनला वायरिंग. गवंड्याचं संपून मशीनवाल्याचं सुरू होतं तिथं मात्र कोणीच उभं नसतं. तिथं उभं राहणं हेच तुमचं काम. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

उदाहरण एकच घेऊ : लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावाजवळ तुरीची सफाई-प्रतवारी आणि छोटी डाळमिल उभी करायची आहे. तुमचं काम वेगळं असलं तरी पायऱ्या याच राहतील.

१. एका पानावर लिहा : काय करायचं, आणि काय करायचं नाही

सगळ्यांच्या डोक्यात एकच युनिट आहे असं वाटतं, पण तसं नसतं. अध्यक्षांच्या डोक्यात पॅकिंगसकट डाळमिल असते, बँकेच्या फाइलमध्ये फक्त सफाई यंत्र असतं आणि सभासदांना गोदामही त्यातच येणार असं वाटत असतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक पान लिहा. त्यात पाच गोष्टी असू द्या :

- काय उभं राहणार (शेड किती फुटांची, यंत्रं कोणती, तासाला किती क्विंटल)
- कधीपर्यंत (तारीख टाका, ‘सीझनच्या आधी’ असं लिहू नका)
- किती पैशांत
- काम पूर्ण झालं हे कशावरून मानायचं
- या टप्प्यात काय नाही (उदा. पॅकिंग मशीन, कंपाउंड वॉल, ऑफिसची खोली)

शेवटचा मुद्दा सगळ्यांत जास्त टाळला जातो, आणि पुढचे निम्मे वाद तिथूनच उठतात. पान झालं की सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा आणि सह्या घ्या. घरचाच धंदा असेल तर वडिलांना सही मागणं अवघड वाटतं. तिथं वहीत लिहून “अण्णा, असं ठरलंय ना, बरोबर लिहिलंय का बघा” एवढं विचारलं तरी पुरतं.

चौथ्या मुद्द्याला थोडा वेळ द्या. ‘मशीन चालू झालं’ म्हणजे काम पूर्ण झालं का? माझ्या मते नाही. ‘आपल्याच भागातली, बाजारातून आलेली तूर सलग आठ तास चालवून ठरलेली क्षमता आणि ठरलेली सफाई मिळाली’ असं लिहिलं, तर शेवटी कोणाशी घासाघीस करावी लागत नाही.

२. निर्णय कोणाचा, हे पैसे सुटायच्या आधी ठरवा

शेतकरी उत्पादक कंपनीला कायद्यानं किमान ५ आणि जास्तीत जास्त १५ संचालक असतात. त्यातले प्रत्येक जण साइटवर येऊन मिस्त्रीला काहीतरी सांगून गेले, तर मिस्त्री शेवटी आलेल्याचं ऐकतो. घरच्या धंद्यात काका एक सांगतात, थोरले भाऊ दुसरं. यात कोणी वाईट नसतं, सगळ्यांना काम चांगलंच व्हावं असं वाटत असतं. पण मिस्त्रीला सूचना एकाच तोंडातून गेली पाहिजे, आणि ते तोंड तुमचं.

यासाठी तीन गोष्टी ठरवून घ्या. किती रुपयांपर्यंतचा खर्च तुम्ही न विचारता करू शकता? त्याच्या वरची सही कोणाची? ते परगावी असतील तर कोणाची? तिसरा प्रश्न साधा वाटतो, पण ट्रक दारात उभा असतो, ट्रान्सपोर्टवाला भाडं मागत असतो आणि चेकवर सही करणारे पंढरपूरला गेलेले असतात, तेव्हा त्याची किंमत कळते.

३. कामाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला एकच नाव

‘शेड उभारणे’ हे काम नाही, तो कामांचा ढीग आहे. आखणी, खोदाई, पाया, कॉलम, स्ट्रक्चर, पत्रे, फरशी, यंत्राचे पाये असे तुकडे करा. एक तुकडा साधारण एक-दोन आठवड्यांचा असावा. त्याहून मोठा ठेवला तर तो मागे पडलाय हे वेळेवर कळत नाही.

प्रत्येक तुकड्यासमोर तीन रकाने : कोण करणार, त्याच्या आधी काय झालेलं असलं पाहिजे, आणि त्याला कोणाकडून काय लागणार. पहिल्या रकान्यात एकच नाव लिहा. ‘सगळ्यांनी मिळून बघू’ असं लिहिलेलं काम कोणीच बघत नाही. तिसरा रकाना म्हणजेच मी वर म्हटलेला सांधा.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल किंवा गूगल शीट पुरेशी आहे. ज्यांना तेही नको त्यांनी चौकटीची मोठी वही घ्यावी. भिंतीवर मात्र एक आडव्या पट्ट्यांचा तक्ता लावाच. कोणतं काम कोणत्या आठवड्यापासून कोणत्या आठवड्यापर्यंत, हे त्यात रंगवा. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रूढ केला, आणि अजूनही साइटवरच्या माणसाला एका नजरेत समजणारं दुसरं काही निघालेलं नाही.

४. तारखेपासून उलटं मोजा

ही पायरी नीट वाचा, कारण बहुतेक प्रकल्प इथंच हुकतात आणि ते कळतं फार उशिरा.

तुरीची आवक जानेवारीत वाढते. म्हणजे ३१ डिसेंबरला ट्रायल संपलेली हवी. आता कामं एकामागे एक लावा : खोदाई व पाया १५ दिवस, शेडचं स्ट्रक्चर व पत्रे ३०, फरशी व यंत्राचे पाये १२, त्यावर पाणी मारणं १४, यंत्रं बसवणं १५, वायरिंग ८, ट्रायल ७. बेरीज १०१ दिवस. यातलं कोणतंही एक काम चार दिवस लांबलं की शेवटची तारीखही चार दिवस लांबते. अशा साखळीला प्रकल्पाचा निर्णायक मार्ग म्हणतात. ही मोजणी १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत पद्धतशीर बसवली गेली. तुमचं सगळ्यांत जास्त लक्ष याच साखळीवर हवं.

या साखळीच्या बाजूनं आणखी दोन कामं चालतात. यंत्राची ऑर्डर दिल्यापासून ते यायला समजा ६० दिवस लागतात. ते जागेवर ७१ दिवसांनी लागणार आहे, म्हणजे ऑर्डर ११व्या दिवसाच्या आत गेली पाहिजे. वीज ट्रायलच्या दिवशी, म्हणजे ९४ दिवसांनी लागणार. जोडणीला ८० दिवस लागले तर अर्ज आणि भरणा १४व्या दिवशी झालेला हवा. ‘आधी शेड तर होऊ द्या, मग लाइटचं बघू’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक साइटवर ऐकतो. शेड रंगवून तयार असते, यंत्रं बसलेली असतात, आणि रोहित्राची वाट बघत सीझन निघून जातो.

जोडणीला किती दिवस लागतील हे नक्की कोणालाच सांगता येत नसेल, तर तीन आकडे विचारा. सगळं सुरळीत झालं तर? साधारणपणे? आणि सगळं अडलं तर? समजा उत्तरं २०, ३५ आणि ८० आली. मधल्या आकड्याला चारनं गुणा, बाकीचे दोन मिळवा, सहानं भागा : २० + १४० + ८० म्हणजे २४०, भागिले ६, उत्तर ४० दिवस. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ही रीत बसवली गेली. बेत आखताना ४० धरा, पण अर्ज मात्र ८० लागतील असं धरूनच करा.

५. त्यावर आपल्या भागाचं कॅलेंडर ठेवा

३१ डिसेंबरपासून १०१ दिवस मागे गेलं की २१ सप्टेंबर येतो. कागदावर सगळं जमलं. आता भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी ठेवा.

सप्टेंबरअखेर पाऊस संपलेला नसतो, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही येतो. आपली काळी माती ओली झाली की तिथं जेसीबीही रुततो आणि खड्ड्यातलं पाणी हटत नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि मळणी, म्हणजे मजूर शेतात. दसरा-दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. बीड, धाराशिव, जालना भागातली कितीतरी गावं अर्धी रिकामी होतात, ती थेट गुढीपाडव्याच्या आसपास भरतात. नंतर दिवाळीची सुट्टी. आणि ट्रायलच्या तोंडावर, डिसेंबर-जानेवारीत, वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे याच अमावस्येला, शहरं ओस पडतात, सगळे शेतात असतात. त्या दिवशी पुण्याहून मशीनचा इंजिनिअर बोलावलात तर तो एकटाच बसून राहील.

म्हणून माझा आग्रह असतो की जोतं मृगाच्या आधी वर आलं पाहिजे. खोदाई, पाया आणि जोतं एप्रिल-मे मध्ये उरकून घ्या, पावसाळ्यात शेडचं फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये करून ठेवा, आणि उघाड मिळाली की उभारणी. उन्हाळ्यात अडचण पाण्याची असते, लग्नसराईमुळे मिस्त्रीही गायब होतात. पण टँकर आधी ठरवता येतो आणि लग्नाच्या तारखा आधी विचारता येतात. पाऊस ठरवता येत नाही. जूनमध्ये पेरणीचे दिवस आणि भाद्रपदात पोळ्यानंतर येणाऱ्या महालक्ष्म्यांचे तीन दिवस कोरे सोडा. त्या दिवसांत काम धरणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

६. पैसा : ४० लाख असतील तर ४० लाखांचा प्रकल्प आखू नका

प्रकल्पाचे पैसे तीन भागांत ठेवा. पहिला शेड-यंत्र-विजेचा. दुसरा अचानक येणाऱ्या खर्चाचा, तो एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहून कमी नको. आणि तिसरा, युनिट चालू झाल्यावर माल खरेदीसाठी लागणारं खेळतं भांडवल.

तिसऱ्याकडं सर्रास दुर्लक्ष होतं, आणि यामुळं चांगली उभी राहिलेली युनिटं बंद पडलेली मी पाहिली आहेत. हिशोब करून बघा. दिवसाला ५० क्विंटल तूर घ्यायची आणि भाव समजा क्विंटलला ७,००० रुपये, म्हणजे रोज साडेतीन लाख. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यावे लागतात. तुमची डाळ घेणारा व्यापारी दहा दिवसांनी पैसे देत असेल, तर ३५ लाख रुपये सतत बाजारात अडकलेले राहणार. ही रक्कम बहुतेक वेळा यंत्रांपेक्षा जास्त निघते. बँकेत मुदत कर्जाचा अर्ज करताना कॅश क्रेडिटचा (खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा) अर्जही त्याच दिवशी द्या. ‘ते नंतर बघू’ असं बँकेनं म्हटलं तरी विषय सोडू नका.

अनुदानाबद्दलही स्पष्ट सांगतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत वैयक्तिक युनिटला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवलेलं आहे. पण ते कर्जाशी जोडलेलं असतं. ते हातात रोख येत नाही, तर कर्ज खात्याच्या बाजूला पडून राहतं आणि खातं नीट चाललं तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. म्हणून अनुदानाची रक्कम मिस्त्रीच्या किंवा मशीनवाल्याच्या पैशांत धरू नका. आणि कर्ज मंजुरीच्या आधीच्या तारखेची बिलं सहसा धरली जात नाहीत, तेव्हा मंजुरी पत्र हातात येईपर्यंत घाईनं ॲडव्हान्स देऊ नका. योजना सध्या चालू आहे का, तिचा कोटा आणि नियम काय, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

दर महिन्याला एक ताळा घ्या : किती टक्के पैसे गेले आणि किती टक्के काम झालं? पैसे ६० टक्के गेले असतील आणि काम ४० टक्केच असेल, तर त्याच दिवशी बसून कारण शोधा.

७. कोटेशन वाचायला शिका

तीन कोटेशन घेणं सगळ्यांना माहीत असतं, ती एका मापात आणणं क्वचित कोणी करतं. सगळ्यांत स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा काहीतरी धरलेलं नसतं. प्रत्येकाला हेच प्रश्न लेखी विचारा :

- जीएसटी, भाडं, उतरवणं आणि हायड्राचं (क्रेनचं) भाडं धरलंय का?
- मोटारी, स्टार्टर, पॅनल, केबल यात आहेत का? एकूण हॉर्सपॉवर किती?
- सांगितलेली क्षमता कोणत्या मालावर मोजली आहे? कोरड्या, साफ गव्हावरचा आकडा तुरीला किंवा सोयाबीनला लागू होत नाही.
- बसवायला माणूस येणार, त्याचा राहण्या-खाण्याचा खर्च कोणाचा?
- सुटे भाग कुठं मिळतात, बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येतो?

पैसे टप्प्यानं द्या. साधारण ३० टक्के ऑर्डरसोबत, ६० टक्के माल निघण्याआधी त्यांच्या कारखान्यात जाऊन यंत्र चालताना बघून, आणि १० टक्के तुमच्या जागेवर ट्रायल झाल्यावर. शेवटच्या १० टक्क्यांसाठी ते कुरकुर करतील. तुम्ही ठाम राहा, कारण ट्रायलच्या वेळी तुमच्या हातात तेवढंच उरतं.

याची दुसरी बाजूही पाळा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणं लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. तुम्ही स्वतः वाळूज-शेंद्र्यातल्या मोठ्या कंपनीला माल देत असाल तर हाच कायदा तुमच्याही बाजूनं आहे. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून ठेवा.

गवंडी-ठेकेदाराच्या करारात एक ओळ आठवणीनं टाका : मुरूम लागेपर्यंतची जादा खोदाई कोणत्या दरानं, ब्रासवर (शंभर घनफूट) की घनमीटरवर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळं पाया मुरमावरच टेकला पाहिजे. मुरूम चार फुटांवर लागेल की नऊ, हे खोदल्याशिवाय कळत नाही. दर आधी ठरलेला नसेल तर खड्ड्याच्या काठावर उभं राहून भांडावं लागतं.

सोबत ठेवायची कागदपत्रं (एका फाइलमध्ये, आणि फोनमध्ये फोटो)

- जागेचा कागद : सातबारा आणि अकृषिक वापराची नोंद, किंवा एमआयडीसीचा भाडेपट्टा
- मंजूर नकाशा व बांधकाम परवानगी
- पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव
- कर्ज मंजुरी पत्र, त्यातल्या अटींखाली रेघ मारून
- महावितरणचा अर्ज, त्यांचं कोटेशन, भरणा पावती
- प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती आणि नंतरची चालवण्याची संमती, जिथं लागू असेल तिथं
- अन्न सुरक्षा परवाना
- कोटेशन, परचेस ऑर्डर, प्रत्येक ॲडव्हान्सची पावती
- यंत्राच्या पायाचं ड्रॉइंग, तारखेसकट
- ठेकेदाराचा करार, मोजमापाची वही, कामगारांचा विमा

८. सांध्यावर स्वतः उभे राहा

ड्रॉइंगवर तारीख का हवी, ते सांगतो. एका युनिटवर एलिव्हेटर (धान्य वर उचलणारं यंत्र) आणि सफाई यंत्राचे पाये घातले गेले, ते मिस्त्रीच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून. त्यानंतर यंत्र कंपनीनं मॉडेल बदललं, नवं ड्रॉइंग मालकाच्या मेलवर पाठवलं आणि ते तिथंच राहिलं. यंत्र आलं, हायड्रानं उचललं, पायावर धरलं, आणि बोल्ट भोकांपासून दोन बोटं बाहेर. मिस्त्री मामांचं माप फोटोप्रमाणं अचूक होतं, कंपनीचं यंत्र ड्रॉइंगप्रमाणं अचूक होतं. ब्रेकर लावून पाया फोडला, पुन्हा भरला, पुन्हा चौदा दिवस पाणी. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला तेवढे दिवस ओलं ठेवावं असं भारतीय मानकातच आहे, त्यात घाई करता येत नाही. हायड्राचं भाडं दोनदा गेलं ते वेगळंच.

हे टाळायची रीत सोपी आहे. पाया भरण्याच्या आदल्या दिवशी मिस्त्री आणि यंत्र कंपनीचा माणूस यांना एकाच कागदासमोर आणा. प्रत्यक्ष जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर. टेप लावून प्रत्येक बोल्टचं अंतर मोठ्यानं वाचा. ड्रॉइंगवर दोघांची सही आणि तारीख घ्या, आणि जुनी प्रत फाडून टाका. फोनमधला जुना फोटोही त्यांच्यासमोर डिलीट करायला लावा. शक्य असेल तिथं बोल्टच्या जागी पॉकेट (रिकामा खड्डा) सोडा आणि यंत्र बसल्यावर त्यात ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) भरा, म्हणजे थोडा फरक पडला तरी निभावतं.

असे सांधे आणखी कुठं असतात ते बघून ठेवा : शेडचा दरवाजा आणि सगळ्यांत मोठ्या यंत्राची रुंदी-उंची, मोटारींचा एकूण भार आणि मंजूर झालेला विद्युत भार, ट्रक वळायला लागणारी जागा आणि वजनकाट्याचं ठिकाण, भुसा-कोंडा बाहेर पडतो ती दिशा आणि वाऱ्याची दिशा. शेवटच्याकडं दुर्लक्ष केलं तर शेजारच्या शेतकऱ्याशी वर्षभराचं वैर येतं.

९. दर सोमवारी वीस मिनिटं

आठवड्याची बैठक साइटवर, उभ्यानं, ठरलेल्या वेळी घ्या. चारच प्रश्न विचारा : मागच्या आठवड्यातलं काय झालं, काय राहिलं, कशामुळं राहिलं, आणि पुढच्या आठवड्यात कोणाला कोणाकडून काय लागणार. चौथा प्रश्न विसरू नका.

“होऊन जातंय की साहेब, पोरं करायलेत” हे उत्तर सगळीकडं मिळतं. त्यात खोटेपणा नसतो, तो आपल्याकडचा धीर द्यायचा प्रकार आहे. त्यावर चिडू नका, फक्त पुढचा प्रश्न विचारा : “मामा, किती कॉलम झाले? आज किती होतील? सळई किती उरली?” संख्या विचारली की खरं चित्र आपोआप समोर येतं. आणि संध्याकाळी जाऊन बघा. फोनवरून चाललेल्या कामाला मी काम म्हणत नाही.

बैठक संपली की ठरलेल्या गोष्टी पाच-सहा ओळींत व्हॉट्सॲपवर टाका : काय, कोण, कधीपर्यंत. त्यासाठी वेगळा ग्रुप करा. सुप्रभात आणि वाढदिवसाच्या ग्रुपमध्ये टाकलेली सूचना दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

१०. ‘एवढं करून टाका की’ या वाक्याला चिठ्ठी लावा

काम निम्म्यावर आलं की सूचना सुरू होतात. एक खिडकी वाढवा, छोटी खोली काढा, त्यापेक्षा मोठं मशीन घेऊ. बऱ्याच सूचना चांगल्या असतात, त्यांना नाही म्हणायचं नाही. प्रत्येक बदलाची तीन ओळींची चिठ्ठी करायची : काय बदलणार, किती रुपये वाढणार, किती दिवस वाढणार. खाली सही. ‘मोठं मशीन’ म्हणजे मोठी मोटार, मोठा मंजूर भार, वेगळा पाया आणि बँकेच्या फाइलमध्ये दुरुस्ती, हे त्या चिठ्ठीत लिहिलं की वडीलधारे स्वतःच म्हणतात, “राहू दे, पुढच्या वर्षी बघू.” तुम्हाला वाद घालावा लागत नाही.

११. वाईट बातमी लवकर आणि पर्यायासकट सांगा

तारीख हुकणार हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. ते दडवून ठेवण्याचा मोह होतो, कारण दोन आठवड्यांत भरून काढू असं वाटतं. क्वचितच भरून निघतं. कळलं त्या दिवशी सांगा, पण मोकळ्या हातानं जाऊ नका. “शेठ, रोहित्राला तीन आठवडे उशीर होतोय. दोन मार्ग आहेत. भाड्याचा जनरेटर लावून ट्रायल घेऊ, त्याचा खर्च इतका. नाहीतर थांबू, पण मग जानेवारीचे पहिले दिवस जातील. मला पहिला बरा वाटतो.” एवढं बोललात की समोरचा रागावला तरी निर्णयावर येतो.

१२. ट्रायल, ताबा आणि शेवटचं बिल

आधी यंत्रं रिकामी चालवा. प्रत्येक मोटार कोणत्या दिशेनं फिरते ते बघा. थ्री-फेजच्या दोन तारा उलट लागल्या तर एलिव्हेटर उलटा फिरतो, दोन तारा बदलल्या की सरळ होतो. मग माल टाका, आणि तो बाजारातून जसा आला तसाच टाका. कंपनीचा माणूस आधीच चाळलेला माल मागेल, तो देऊ नका. तासाला किती क्विंटल निघाले, तूट किती, मोटारी तापतात का, आवाज कुठं येतो, हे त्याच्यासमोर लिहा आणि सही घ्या.

ज्या दोन पोरांच्या हातात रोज यंत्र राहणार आहे, त्यांना उभारणीच्या पहिल्या दिवसापासून तिथं ठेवा. कुठलं बेअरिंग कुठं आहे, ग्रीस कुठून घालायचं, चाळणी कशी काढायची, हे त्यांनी उघडं असताना बघितलेलं असतं. सगळं झाल्यावर दिलेलं तासाभराचं प्रशिक्षण उपयोगाला येत नाही.

मग उरलेल्या कामांची यादी करा. निघालेला पत्रा, गळणारा व्हॉल्व, न लागलेली अर्थिंगची पट्टी. यादी संपेपर्यंत शेवटचं बिल पास करू नका, आणि संपली की एक दिवसही अडवू नका. वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते लेखी घ्या, कारण कंपन्या ती माल पाठवल्याच्या तारखेपासून धरतात आणि तुम्ही चालू झाल्यापासून. ठेकेदाराच्या बिलातून अडवून ठेवलेली रक्कम एक पावसाळा पाहून सोडा. पहिल्या मोठ्या पावसात शेडच्या जोडांवर, खिळ्यांवर आणि जोत्याच्या चारी बाजूंनी फिरून बघा. मिस्त्री मामांनाही सोबत घ्या, आणि त्याच फेरीत त्यांचा हिशोब पुरा करा.